पहिली वेलांटी कोणाच्या सोयीची?

पहिलीच्या वर्गात ‘कि’ शिकवताना एक गंमत प्रत्येक शिक्षकाने पाहिलेली असते. उच्चारात ‘क’ आधी येतो आणि ‘इ’ नंतर. कागदावर मात्र वेलांटी ‘क’च्या डावीकडे, म्हणजे आधी. हाताने लिहिताना कोणी अगोदर ‘क’ काढतो, कोणी अगोदर दांडा. कागद तक्रार करत नाही. यंत्राला मात्र क्रम लागतो, आणि तो कोणाच्या सोयीने ठरवायचा, या प्रश्नावर आपल्याकडे शंभराहून अधिक वर्षे गेली आहेत.

छापखान्यात देवनागरीसाठी शेकडो खिळे लागत. रोमन लिपीचे काम थोड्या खिळ्यांत भागते, मग आपलेही का भागू नये, असे वाटून अनेकांनी लिपीच बदलायला घेतली. ‘केसरी’साठी टिळकांनी खिळे कमी करण्याचा प्रयत्न केला. सावरकरांनी ‘अ’ची बाराखडी पुरस्कारली: अि, अी, अु, अू. काका कालेलकरांनीही हीच वाट धरली, आणि वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीने ती छपाईत वापरली. गुरुकुंज मोझरीहून वर्धा फार लांब नाही. या परिसरातल्या जुन्या घरांतल्या पुस्तकांत अशी अक्षरे अजून सापडू शकतात.

1953 साली लखनौला लिपिसुधार परिषद भरली. तिने पहिली वेलांटीही उजवीकडे नेली. दुसरीपासून ती वेगळी ओळखू यावी म्हणून तिचा दांडा तेवढा आखूड ठेवला. यंत्राच्या दृष्टीने हा निर्णय बिनतोड होता. पण आखूड दांडा आणि लांब दांडा यांतला फरक वाचताना डोळ्याला चटकन कळतो का? उत्तर वाचणाऱ्यांनी दिले. काही वर्षांतच वेलांटी पुन्हा डावीकडे आली. परिषदेत विद्वानांची उणीव नव्हती. पण अशा निर्णयाआधी एखादे पान छापून ते दुसरी-तिसरीतल्या मुलांपुढे ठेवावे आणि ती कोठे अडखळतात ते मोजावे, ही पद्धतच त्या काळी रुळलेली नव्हती.

टंकलेखन यंत्राने उलटा मार्ग धरला. त्याची गाडी एकाच दिशेने सरकते, तेव्हा जे चिन्ह डावीकडे ते आधी उमटवणे भाग. म्हणून ‘कि’साठी आधी वेलांटीची कळ, मग ‘क’ची. टंकलेखकांनी हे महिनोन्‌महिने सराव करून बोटांत बसवले. इथे लिपी वाचली, पण माणसाला यंत्राची शिकवणी लावावी लागली.

संगणक आल्यावर गाडीचे बंधन उरले नाही. 1986 साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ‘इनस्क्रिप्ट’ कळफलक ठरवला. त्यात उच्चाराचा क्रम आहे: आधी ‘क’, मग वेलांटी, चित्रात ती डावीकडे नेणे संगणकाचे काम. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. ‘क’ आणि ‘ख’ एकाच कळीवर. भारतीय लिपींना हीच मांडणी. माझ्या मते ही रचना अत्यंत तर्कशुद्ध आहे. तरीही असंख्य मराठी माणसे आजही रोमन अक्षरांत ‘काय करताय’ लिहितात. बाजारातल्या बहुतेक कळफलकांवर देवनागरी अक्षरे छापलेली नसतात, हे एक कारण. दुसरे असे की तर्क ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच तो मदत करतो. नवख्याला ‘ढ’ कोठे आहे ते शोधावे लागते.

नवख्याकडे पाहण्याची विद्या जगातही तशी तरुणच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन विमाने उतरल्यावर वैमानिक पंखांच्या झडपांऐवजी चाकांचा दांडा ओढत. दोन्ही दांडे सारखे दिसत आणि शेजारी असत. आल्फोन्स शॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने वैमानिकांना दोष न देता दांड्यांच्या मुठी बदलायला सांगितल्या. पुढे 1960 साली बेल प्रयोगशाळेच्या डेनिंजरने दूरध्वनीच्या आकड्यांच्या अनेक मांडण्या करून त्या माणसांकडून दाबून घेतल्या, वेळ आणि चुका मोजल्या. आज आपल्या मोबाइलवर दिसणारी तीन-तीनची मांडणी त्या कामातून आली. अशा कामाला युजेबिलिटी टेस्टिंग म्हणतात; आपण वापरचाचणी म्हणू. तिच्यात परीक्षा बसणाऱ्याची नसते, प्रश्नपत्रिकेची असते.

मराठी अक्षरांसाठी हे काम मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात झाले. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 साली ‘कीलेख’ हा कळफलक मांडला. नमुना करायचा, लोकांच्या हातात द्यायचा, पाहायचे आणि बदलायचे, ही त्यांची रीत. शाळेची पायरी चढलेल्या माणसाला क-ख-ग-घ-ङ हा क्रम तोंडपाठ असतो. मग कळांनाही तोच क्रम का देऊ नये? याच विचारातून 2013 साली मोबाइलसाठी ‘स्वरचक्र’ आले. ‘क’वर बोट ठेवले की भोवती का, कि, की, कु असे चक्र उमलते; बोट हव्या त्या दिशेला सरकवायचे. वेलांटी आधी की नंतर, हा प्रश्नच उरत नाही. जोडाक्षराचा पाय मोडला की पुढच्या कळांवर होऊ शकणारी जोडाक्षरे दिसू लागतात. म्हणजे ‘प्र’मध्ये मोडलेला ‘प’ कोठे दडला आहे, याची उकल वापरणाऱ्याने मनात करायला नको.

संकेतस्थळांना हीच कसोटी लावता येते, आणि ती शाळेत करून पाहण्याजोगी आहे. समजा, मोझरीतल्या एखाद्या शाळेने आपले संकेतस्थळ केले. पाच पालकांना एकेक करून बसवा आणि काम द्या: ‘दहावीच्या सराव परीक्षेचे वेळापत्रक शोधा.’ मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगा. मग गप्प राहा. शिक्षकांना हेच सर्वांत जड जाते. बोट कोठे थांबले, किती वेळ थांबले, मागे कधी फिरले, एवढे टिपा. ‘आवडले का?’ हे विचारून फारसे हाती लागत नाही; सरांनी विचारल्यावर आपल्याकडे माणूस ‘छानच आहे’ म्हणणार.

पाचच का? याकोब नील्सन यांच्या हिशेबात एका माणसाकडून सरासरी 31 टक्के अडचणी उघड होतात. उरतात 69. पाच माणसांनंतर 0.69 चा पाचवा घात, म्हणजे सुमारे 0.16 एवढ्या उरतात. 84 टक्के सापडल्या. नववीच्या मुलांनी हे करून पाहावे. पण या हिशेबात पाचही जण साधारण एका जातकुळीचे मानले आहेत. इंग्रजी ‘सबमिट’ वाचू शकणारा क्लार्क आणि ते न वाचता येणारी आजी यांच्या अडचणी वेगळ्या. म्हणून मोझरीत पाच शेतकरी, पाच विद्यार्थिनी अशा वेगळ्या फेऱ्या घेतलेल्या बऱ्या. आणि दुरुस्तीनंतरच्या फेरीला नवी माणसे शोधावी लागतात, कारण पहिले पाच आता वाट शिकलेले असतात.