निवडलेल्या मर्यादेची कुळकथा

जाड चौकोनी ठिपक्यांची चित्रे, मोजकेच रंग आणि पिपाणीसारखे टोकदार सूर असलेले नवे गेम आज सतत बाजारात येतात. ज्या यंत्रांवर ते खेळले जातात, त्यांना केसागणिक छायाप्रकाश दाखवणे सहज जमते. तरीही निर्माते हे जुने रूप मुद्दाम निवडतात आणि खेळणारे त्याला ‘८-बिट शैली’ म्हणून ओळखतात. ही शैली १९८०च्या दशकातून वारशाने आली, असे सरसकट मानले जाते. मला हे पटत नाही. त्या दशकात हे रूप होते, पण ती शैली नव्हती. यंत्राला दुसरे काही दाखवता येत नव्हते, एवढेच. सक्ती संपल्यावर जेव्हा ते रूप कुणीतरी स्वेच्छेने पुन्हा हाती घेतले, तेव्हा त्याची शैली झाली. या जन्माची सर्वांत स्पष्ट नोंद एका दुर्लक्षित संग्रहात सापडते. कॅपकॉम कंपनीने ऑगस्ट २०१७मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘मेगा मॅन लेगसी कलेक्शन २’मध्ये या मालिकेचे सात ते दहा क्रमांकांचे चार गेम आहेत. पहिल्या संग्रहातल्या सहा गेमना अभिजाताचा मान मिळाला आणि दुसरा संग्रह उत्तरकाळातली पुरवणी ठरला. कुळाचा इतिहास शोधणाऱ्याने मात्र ही पुरवणीच आधी वाचायला हवी.

सुरुवात सक्तीपासून करू. जपानमध्ये ‘रॉकमॅन’ आणि इतरत्र ‘मेगा मॅन’ या नावाने ओळखला जाणारा पहिला गेम १७ डिसेंबर १९८७ रोजी निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या यंत्रासाठी आला. अकिरा कितामुरा त्याचे दिग्दर्शक होते, केजी इनाफुने चित्रकारांपैकी एक होते आणि संगीत मनामी मात्सुमाए यांचे होते. फॅमिकॉमची अंतर्गत रचना फारच काटकसरीची होती असे म्हणण्यापेक्षा आकडेच सांगतो: कामचलाऊ स्मृती २ किलोबाइट, एकूण उपलब्ध रंग ५०हून थोडे अधिक, हलत्या चित्राच्या तुकड्याला, म्हणजे स्प्राइटला, एका वेळी तीनच रंग आणि पडद्याच्या एका आडव्या रेषेवर जास्तीत जास्त आठ स्प्राइट. नवव्याला जागाच नाही. त्यामुळे गर्दी झाली की निर्माते स्प्राइट आळीपाळीने दाखवत आणि चित्र लुकलुकू लागे. नायकाच्या अंगाला दोन निळ्या छटा आणि एक काळी रेषा दिली की तीन रंग संपले. म्हणून त्याचा चेहरा वेगळ्या स्प्राइटवर रंगवून अंगावर बसवला गेला. हरवलेल्या शत्रूचे शस्त्र हाती येताच नायकाचा रंग बदलतो, ही मालिकेची सर्वांत लक्षात राहणारी खूण आहे. तीही याच काटकसरीत बसणारी होती: नवे चित्र न काढता फक्त दोन रंगांची अदलाबदल करायची. गेमचे सौंदर्य मर्यादेत राहून घडले हे खरे. पण ती मर्यादा कुणी मागितलेली नव्हती.

मागितलेली नव्हती याचा पुरावा सातव्या आणि आठव्या गेममध्ये आहे. अधिक ताकदीचे सुपर फॅमिकॉम १९९०मध्येच बाजारात आले होते. तरी सहावा गेम नोव्हेंबर १९९३मध्ये जुन्याच फॅमिकॉमवर आला, कारण घरोघरी ते यंत्र अजून होते. इथे सक्ती तंत्राची कमी आणि बाजाराची जास्त होती, पण सक्तीच होती. ती सैल होताच निर्मात्यांनी जुने रूप मागे टाकले. मार्च १९९५चा सातवा गेम सुपर फॅमिकॉमवर आला, तेव्हा नायक आकाराने मोठा झाला, रंग गडद आणि भरघोस झाले आणि सुटे भाग वेचून वस्तू विकत घेण्याचे दुकान मालिकेत आले. नायक मोठा झाला तशी पडद्यावर त्याच्या पुढची मोकळी जागा कमी झाली, आणि उड्यांचा अंदाज घेऊन खेळायच्या गेममध्ये हा तोटा लहान नाही. डिसेंबर १९९६मध्ये प्लेस्टेशनवर आलेल्या आठव्यात संवाद बोलून दाखवले होते आणि अधूनमधून ॲनिमेशनपटाचे तुकडे होते. दोन्ही गेममध्ये ‘आता हेही जमते’ याचा आनंद ओसंडताना दिसतो. जुन्या रूपावर प्रेम असते तर ते सोडण्याची एवढी घाई झाली नसती. त्यानंतर क्रमांकित मालिका जवळजवळ १२ वर्षे थांबली. दरम्यान गेमचे जग त्रिमितीकडे गेले आणि २००३मध्ये निन्टेन्डोने फॅमिकॉमचे उत्पादनही बंद केले.

आणि मग सप्टेंबर २००८मध्ये नववा गेम आला. तो होता फॅमिकॉमच्या रूपातला, पण चालणार होता वी, प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० या यंत्रांवर. तो कॅपकॉमसाठी इंटी क्रिएट्स या कंपनीने घडवला. ही कंपनी कॅपकॉम सोडलेल्या लोकांनी १९९६मध्ये काढली होती. आता आठ स्प्राइटांचे बंधन नव्हते, तीन रंगांचेही नव्हते. तरी ती पाळली गेली, आणि सरसकट नाही, तर वेचून. तिसऱ्या गेमपासून नायक जमिनीलगत घसरू शकत होता, चौथ्यापासून बटण दाबून धरले की मोठा वार करू शकत होता. नवव्यात या दोन्ही चाली काढून घेतल्या आणि नायकाला दुसऱ्या गेममधल्या साध्या उडी-गोळीवर आणले. त्यामुळे प्रत्येक पातळीची आखणी बदलली: कुठे उभे राहायचे आणि केव्हा उडी मारायची, यावरच सारी भिस्त आली आणि मिळवलेली शस्त्रे पुन्हा अत्यावश्यक झाली. सातव्याचे दुकान मात्र तसेच ठेवले. लुकलुक मुळात बंद ठेवली आणि हवी असणाऱ्यासाठी पर्याय म्हणून दिली. शैलीच्या जन्माची खूण मला या पर्यायात दिसते. फॅमिकॉमवर लुकलुक हा दोष होता आणि तो टाळता येत नव्हता. इथे तोच दोष कुणीतरी वेळ खर्चून नव्याने लिहिला आणि तो लागू करायचा की नाही हे खेळणाऱ्यावर सोपवले.

यावर पहिला आक्षेप पैशांचा आहे. नववा गेम इंटरनेटवरून उतरवून घेण्यासाठी होता. वीच्या त्या दुकानात गेमचा आकार ४० मेगाबाइटच्या आत ठेवावा लागे आणि किंमत १० डॉलरच्या आसपास होती. कमी खर्चात काम उरकायचे तर जुनी चित्रे सोयीची, त्यात कलात्मक निवड कसली, असे विचारता येईल. डाउनलोडच्या बाजाराने ही संधी निर्माण केली, हे मान्यच करायला हवे; त्याशिवाय असा गेम मोठ्या कंपनीत मंजूर होणे अवघड होते. पण खर्चाने संधीचे स्पष्टीकरण मिळते, रूपाचे नाही. घसरण्याची चाल ठेवल्याने खर्च वाढणार नव्हता. उलट प्रोटो मॅन हे पात्र डाउनलोडद्वारे वेगळे विकले गेले, तेव्हा घसरणे आणि मोठा वार या दोन्ही चाली त्याच्याकडे होत्या. म्हणजे त्या तयार करता येत होत्या, केल्याही गेल्या, पण मुख्य नायकाला विचारपूर्वक नाकारल्या गेल्या. लुकलुकीचा पर्याय तर उघडच जास्तीचे काम होता. काटकसर करणारा माणूस दोष पुन्हा निर्माण करण्यावर श्रम घालवत नाही.

दुसरा आक्षेप स्मरणरंजनाचा, आणि तो अधिक गंभीर आहे. लहानपणी हा गेम खेळलेल्यांना त्यांचे लहानपण परत विकले, असे म्हणता येते. मुखपृष्ठाचे चित्रही पहिल्या गेमच्या अमेरिकी वेष्टनाची नक्कल करणारे होते, तेव्हा आठवणींना साद घातली गेली यात शंका नाही. पण आठवणींवरच मदार असती तर दोन गोष्टी वेगळ्या घडल्या असत्या. एक, रूप जसेच्या तसे राहिले असते. सातव्याचे दुकान जुन्या रूपात बसवण्याचे कारण नव्हते. दोन, नवल ओसरल्यावर प्रयोग संपला असता. मार्च २०१०मध्ये दहावा गेम पुन्हा त्याच रूपात आला, तेव्हा कुणाला धक्का बसण्यासारखे काही उरले नव्हते. दहाव्याने त्या रूपात सोपी पातळी आणली, जिच्यात खड्ड्यांवर आणि काट्यांवर आधाराच्या पायऱ्या येतात. आणि प्रोटो मॅन सुरुवातीपासून निवडता येऊ लागला. नवख्यांसाठी दार उघडणारा गेम जुन्यांच्या आठवणींवर विसंबत नाही. आपल्याकडचा अनुभवही इथे ध्यानात घ्यावा. १९९०च्या दशकात महाराष्ट्रातल्या घरांत फॅमिकॉमच्या नकला पोहोचल्या होत्या. ‘कॅसेट’ बदलून मारिओ आणि कॉन्ट्रा खेळणाऱ्या मुलांना हे चौकोनी चित्र ओळखीचे होते, पण मेगा मॅनशी त्यांतल्या फार थोड्यांची गाठ पडली असेल. अशा खेळाडूला नववा गेम भावला तर त्याचे श्रेय नायकाच्या आठवणीला देता येत नाही, ते रूपालाच द्यावे लागते.

तिसरा आक्षेप अग्रक्रमाचा. दाइसुके अमाया यांनी एकट्याने घडवलेला ‘केव्ह स्टोरी’ २००४मध्येच आला होता, आणि जपानमधले हौशी निर्माते जुन्या यंत्रांच्या धाटणीचे गेम त्याच सुमारास करत होते. मग जन्म २००८चा कसा? या निर्मात्यांचा मान काढून घेण्याचा माझा हेतू नाही; जमीन त्यांनीच नांगरली. पण नवव्या गेमने जे केले ते त्यांना शक्य नव्हते. ज्या घराण्याने हे रूप घडवले, त्यानेच ते सोडले होते, आणि त्याच घराण्याने आपल्या क्रमांकित मालिकेत ते परत घेतले. त्यामुळे ठिपक्यांचे चित्र म्हणजे मागासलेपण, हा समज आतून मोडला. पुढची पिढी याच धाग्याने बांधलेली दिसते. यॉट क्लब गेम्सच्या २०१४च्या ‘शॉव्हेल नाईट’साठी पहिल्या मेगा मॅनच्या संगीतकार मात्सुमाए यांनी दोन रचना दिल्या. त्याच्या निर्मात्यांनीही फॅमिकॉमचे नियम वेचूनच पाळले: रंगसंच जवळजवळ तोच घेतला, त्यात थोडे रंग वाढवले, पडदा रुंद केला आणि लुकलुक टाळली. कोणता नियम पाळायचा आणि कोणता सोडायचा याची ही पद्धत नवव्या गेमच्या पद्धतीशी जुळते.

म्हणून हा दुसरा संग्रह पहिल्याहून अधिक शिकवतो. पहिल्यातले सहा गेम एकाच यंत्रावरचे आहेत. त्यांत रूप बदलत नाही, त्यामुळे ते दिसतही नाही. दुसऱ्यात मात्र सोडून जाणे आणि परत येणे शेजारी शेजारी आहेत. सातव्यातला मोठा नायक खेळून लगेच नवव्यातला लहान नायक हाती घेतला की पुढची जागा पुन्हा मोकळी झाल्याचे बोटांना कळते. संग्रहाला उणिवाही आहेत. १९९८चा ‘रॉकमॅन अँड फोर्ते’ क्रमांकित नसल्याने वगळला गेला आणि आठव्यापासून नवव्यापर्यंतचा एक दुवा तुटला. पण नववा आणि दहावा आरंभी फक्त डाउनलोडने मिळत होते, आणि वीचे ते दुकान जानेवारी २०१९मध्ये कायमचे बंद झाले. त्याआधीच हे गेम नव्या यंत्रांवर आणून ठेवणे ही जतनाची मोठी कामगिरी आहे. ऑक्टोबर २०१८मध्ये अकरावा गेम आला तो त्रिमितीत घडवलेल्या पात्रांचा, जुने रूप बाजूला ठेवून. काहींना ही माघार वाटली. मला ती नवव्याच्या विचाराचीच पुढची पायरी वाटते, कारण जे रूप कधीही सोडता येते आणि कधीही घेता येते, तेच निवडलेले रूप. यापुढे एखादा नवा गेम चौकोनी ठिपके घेऊन आला, तर तो किती जुना दिसतो हे पाहून त्याचे मोल ठरवू नये. त्याने कोणत्या मर्यादा ठेवल्या, कोणत्या टाकल्या, आणि त्यामुळे खेळणाऱ्याला प्रत्येक उडीचा अधिक विचार करावा लागला का, हे विचारावे.