श्रीरामपूरची सामाईक चूल

एकत्र कुटुंबात पैसा कुणाच्या हाती आणि काम कुणाच्या माथी, यावर आपण या कार्यक्रमात पुष्कळदा बोललो आहोत. आज ज्या एकत्र कुटुंबाची गोष्ट आम्ही सांगणार आहोत, ते रक्ताच्या नात्याचं नव्हतं. परमुलखात ख्रिस्ती धर्माच्या कामासाठी आलेल्या इंग्रज घरांनी ते ठरवून मांडलं होतं. गाव श्रीरामपूर. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं नव्हे हं, बंगालमधलं, कलकत्त्याच्या वरच्या अंगाला हुगळी नदीच्या काठचं. इंग्रज त्याला सेरामपूर म्हणत.

आम्ही या घरात शिरलो ते मराठीच्या वाटेनं. छापील मराठी पुस्तकांचा इतिहास उघडला की विल्यम कॅरे हे नाव सुरुवातीलाच भेटतं. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ते साहेबलोकांना मराठी शिकवत. वैजनाथ पंडितांच्या मदतीनं त्यांनी १८०५ साली मराठीचं व्याकरण आणि १८१० साली कोश काढला. ही कामं चालली, तेव्हा कॅरेसाहेबांच्या घरी स्वयंपाक कोण करत होतं, मुलं कोण सांभाळत होतं, असं आमच्यातल्या एकीनं विचारलं. तिथून पुढचं सगळं वाचन झालं.

कॅरे १७९३ साली बंगालमध्ये आले. पत्नी डॉरोथी यायला तयार नव्हती. लग्नाच्या नोंदवहीत सहीच्या जागी फुली मारलेली ही खेड्यातली बाई, त्यातून पोटुशी. नवरा थोरल्या मुलाला घेऊन निघालासुद्धा. पण जहाजाचं जमेना, तो परत आला आणि पुन्हा मनधरणी झाली. तोवर ती बाळंत झाली होती. धाकटी बहीण सोबत येणार असेल तर येते, एवढी एकच अट तिनं घातली. तान्हं मूल मांडीवर घेऊन पाच महिन्यांचा समुद्रप्रवास केला. दुसऱ्याच वर्षी तिचा पाच वर्षांचा पीटर आजारानं गेला. त्यानंतर तिचं मन जे ढळलं, ते पुन्हा ठिकाणावर आलं नाही.

१७९९ च्या अखेरीस आणखी काही मिशनरी आले. इंग्रजांची कंपनी मिशनऱ्यांना आपल्या मुलखात राहू देत नव्हती. श्रीरामपूर डेन्मार्कच्या ताब्यात होतं, तिथल्या गव्हर्नरनं आसरा दिला. १८०० च्या जानेवारीत कॅरे कुटुंबही तिथं आलं आणि सगळ्यांनी मिळून नदीकाठी मोठं घर घेतलं. नियम असे: कमाई कुणाचीही असो, ती सामाईक पेटीत. खासगी धंदा कुणी करायचा नाही. हातखर्चाला प्रत्येक घराला ठरावीक थोडी रक्कम. जेवण एका टेबलावर. घराचा कारभार पुरुषांनी महिना महिना पाळीनं बघायचा. आणि शनिवारी संध्याकाळी एकत्र बसून आठवड्यातले रुसवेफुगवे मिटवायचे. हा शनिवारचा नियम आम्हाला फार आवडला. आपल्याकडे रुसवे पाच पाच वर्षं चालतात!

कॅरेंचा कॉलेजचा पगार पेटीत जाई, विल्यम वॉर्ड यांच्या छापखान्याची कमाई पेटीत जाई. पण पगार सुरू व्हायच्या आधी, १८०० च्या मे महिन्यातच, जोशुआ मार्शमन आणि त्यांच्या पत्नी हॅना यांनी निवासी शाळा काढली होती. गोऱ्या लोकांची मुलंमुली फी भरून तिथं शिकत. त्या फीवर घर उभं राहिलं. मुलींची बाजू हॅनाबाईंकडे. शिवाय एवढ्या मोठ्या घराची व्यवस्था हळूहळू त्यांच्याच अंगावर आली. कॅरेंची चार मुलं आईच्या आजारपणामुळे मोकाट झाली होती, त्यांनाही वळण लावलं ते मार्शमन नवराबायकोनं आणि वॉर्ड यांनी. हॅनाबाईंची स्वतःची बाळंतपणं झाली बारा. जगली त्यातली सहा.

पहिल्या दोन वर्षांत या कामातले चार पुरुष वारले. त्यांतल्या एकाच्या विधवेशी, फाउंटनबाईंशी, पुढे वॉर्ड यांनी लग्न केलं. परक्या देशात नवरा गेलेल्या बाईला छप्पर आणि ताट आहे, ही त्या सामाईक पेटीची मोठी गोष्ट होती. तेवढं मानलंच पाहिजे.

आणि पंगत. १८०० च्या डिसेंबरात कृष्ण पाल हा सुतार मिशनऱ्यांच्या टेबलावर बसून जेवला आणि त्याची जात गेली. बाप्तिस्मा काही दिवसांनी झाला. त्याची मेहुणी जयमणी हिनं पुढल्या वर्षी बाप्तिस्मा घेतला. या घराशी जोडलेली ती पहिली बंगाली बाई.

डॉरोथी त्याच घरात होती. तिला खोलीत बंद ठेवावं लागे. जवळच्याच खोलीत नवरा भाषांतरं करत बसलेला आणि इकडून तिचा आरडाओरडा. आमच्यात यावर वाद झाला. वेड्यांच्या इस्पितळात टाकलं नाही, घरात सांभाळलं, हेच त्या काळी पुष्कळ, असं काहीजणींचं म्हणणं. बाकीच्यांचं म्हणणं, ती मुळात यायलाच नको म्हणत होती. १८०५ च्या ऑक्टोबरात या मंडळींनी आपला करारनामा लिहिला. वर्षातून तीनदा तो सगळ्यांसमोर वाचायचा असं ठरलं. बायकांनी इथली भाषा शिकून इथल्या बायकांत काम करावं, असंही त्यात आहे. खाली सह्या नऊ. नवाच्या नऊ पुरुषांच्या. डॉरोथी १८०७ च्या डिसेंबरात गेली.

पुढे नव्या दमाचे मिशनरी आले. त्यांना जुन्यांचा वचक सोसेना आणि ते कलकत्त्याला वेगळे राहिले. घरादाराच्या मालकीवरून विलायतेतल्या सोसायटीशीही बिनसलं आणि १८२७ साली श्रीरामपूरकर तिच्यापासून वेगळे झाले. वॉर्ड १८२३ ला गेले, कॅरे १८३४ ला, मार्शमन १८३७ ला. हॅनाबाई त्यानंतरही नऊ वर्षं श्रीरामपुरातच राहिल्या. १८४७ च्या मार्चमध्ये त्या वारल्या, तेव्हा त्या पहिल्या टेबलाशी बसलेल्या मोठ्या माणसांपैकी तिथं कुणीच उरलं नव्हतं.