खिडकीचा टंच

आमच्या हुपरीत झाडलेला केरसुद्धा कोणी फेकत नाही. पैंजण, तोरड्या, जोडवी घडवताना उडालेला कीस, भट्टीची राख, बसायच्या पोत्याची धूळ हे सगळं साठवून ठेवतात. ते धुऊन, गाळून त्यातून चांदी काढणाऱ्यांसाठी मराठीत जुना शब्द आहे, झारेकरी. अशा गावात वाढलेल्या माणसाला जुनी वस्तू उकिरड्यावर दिसली की पोटात गोळा येतो.

मागच्या मे महिन्यात गोव्यात, सासष्टीतल्या एका गावात, तसंच झालं. जुन्या घराची डागडुजी चालू होती. काढलेल्या चार खिडक्या अंगणात पडल्या होत्या. लाकडी पट्ट्यांच्या खाचांत काचेऐवजी दुधाळ, पातळ, चौकोनी कापलेले शिंपले बसवलेले. "आता काच घातली दादा, हे जळणाला," मिस्त्री म्हणाला.

हा शिंपला म्हणजे प्लाकुना प्लासेंटा. १७५८ मध्ये लिनियसने त्याला नाव दिलं. लॅटिनमध्ये प्लासेंटा म्हणजे चपटा केक. आपल्याकडे कुणी नाव ठेवलं असतं तर पापड म्हटलं असतं. खाडीच्या मऊ चिखलात तो आडवा पडून राहतो. काच महाग होती तेव्हा गोव्यातली घरं आणि चर्च यांच्या खिडक्यांना त्याची कवचं लागली. उन्हाची तिरीप मऊ करून आत सोडायची आणि पावसाचा मारा बाहेर ठेवायचा, ही दोन्ही कामं तो करायचा. फिलिपिन्समध्येही याच शिंपल्याच्या खिडक्या होत्या. तिथे त्याला कापिझ म्हणतात.

त्याच्या पोटात बारीक मोतीही सापडतात. दागिन्याला फारसे उपयोगी नाहीत, पण औषधात चालत. या मोत्यांपायी एक मराठी संस्थान शिंपल्यांच्या अभ्यासात उतरलं, हे मला फार उशिरा कळलं. सौराष्ट्राच्या टोकाचं ओखामंडळ बडोद्याच्या ताब्यात होतं. सयाजीराव गायकवाडांच्या सरकारने जेम्स हॉर्नेल या सागरी जीवशास्त्रज्ञाकडून तिथल्या समुद्राची पाहणी करून घेतली. १९०९ मध्ये त्या अहवालाचा पहिला भाग छापला गेला. हॉर्नेलने त्याआधी श्रीलंकेतल्या तांबलगमच्या खाडीतल्या याच शिंपल्यांवर लिहिलं होतं. बडोदा म्हणजे आमच्या शाहू महाराजांची सासुरवाडी, तेव्हा कोल्हापूरकराने थोडा मोठेपणा मिरवायला हरकत नसावी.

आज गोव्यात हा शिंपला जुवारी नदीच्या मुखाशी चिखलीच्या खाडीत आहे. गावाच्या नावातच चिखल ऐकू येतो. समोरच्या काठावर नावशीला मरीना बांधण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा मच्छीमारांनी शिंपल्यांचं आणि मासळीचं काय होणार हे विचारत विरोध केला. २००१ मध्ये केंद्र सरकारने वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत या शिंपल्याचा समावेश केला. वाघाच्या कायद्यात शिंपला, हे ऐकून हसू येतं. पण वाघ निदान पळू शकतो.

आता खिडकीकडे परत. चांदीचा टंच काढायचा म्हणजे थोडासा नमुना काढून तपासायचा आणि शंभरात चांदी किती ते सांगायचं. कुठल्या आजीच्या पाटल्या त्या मुशीत वितळल्या हे मात्र टंच सांगत नाही. मूस सगळ्यांचा इतिहास पुसते. शिंपल्याचं उलट आहे. त्याची वंशावळ त्याच्या डीएनएमध्ये असते आणि कवचातही तिचे तुकडे अडकून राहतात. २०१७ मध्ये संशोधकांनी सुमारे ७००० वर्षं जुन्या सागरी शिंपल्यांतूनही डीएनए काढल्याचं प्रसिद्ध झालं.

अशी तपासणी इतिहास कसा उलटवते, याचं उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर आहे. केरळ आणि कन्याकुमारीकडे खडकांना चिकटणाऱ्या तपकिरी शिंपल्याला १९७६ मध्ये पेर्ना इंडिका असं नाव मिळालं. नावातच भारत. २०१६ मध्ये जनुकीय आणि इतर पुरावे एकत्र ठेवले, तेव्हा तो ओमानच्या परिसरातला पेर्ना पेर्ना निघाला, शंभराहून जास्त वर्षांपूर्वी इकडे आलेला. बहुधा जहाजाच्या बुडाला चिकटून.

मग गोव्याच्या खिडक्यांतले शिंपले कुठले? सगळे जुवारीचे, की काही कच्छच्या आखातातून गलबतांनी आलेले? दीव-दमणही पोर्तुगीजांकडेच होतं. कागदपत्रांपेक्षा शिंपलाच याचं उत्तर नीट देईल.

दुसरा प्रश्न आजच्या चिखलीचा आहे. या शिंपल्यांची पिल्लं जन्मल्यावर काही दिवस पाण्यात तरंगतात, मग तळाला बसतात. प्रवाहाने ती बाहेर गेली आणि बाहेरची आत आली, तर लांबच्या खाड्यांचे शिंपले एकमेकांचे नातेवाईक राहतात. खाडीतच फिरत राहिली, तर तिथलं कुळ हळूहळू वेगळं होतं. संख्या एकदा फार घटली की त्या कुळातली विविधता गळते. नंतर डोकी वाढली तरी गळलेलं लगेच परत येत नाही. उद्या कुणी काकीनाड्याहून किंवा कच्छहून बी आणून जुवारीत सोडलं, तर खाडी भरलेली दिसेल, पण मूळ कुळ मुशीत गेलेलं असेल. आधी ते कुळ किती संपन्न होतं हे जाणायला जुना नमुना हवा. तो त्या अंगणात, जळणाच्या ढिगात पडला होता.

ऊन, पॉलिश आणि दमट हवेने त्यातला डीएनए पार तुटलेला असू शकतो. दहा खिडक्यांतून एकीतच काही मिळेल. झारेकऱ्यालाही पोतंभर राखेतून चिमूटभर चांदीच मिळते.

संरक्षित प्राण्याचं कवच पिशवीत घालून घाट चढणं मला बरं वाटलं नाही. मालकीणबाईंना एवढंच म्हटलं, जाळू नका, कोरड्यात ठेवा, आणि खिडकी घराच्या कुठल्या बाजूची, घर कधी बांधलं, हे चौकटीवर खडूने लिहा. त्यांना मी जरा वेडाच वाटलो असणार. जूनमध्ये त्यांचा फोटो आला. पडवीत भिंतीला टेकवलेल्या चार चौकटी, आणि एकीवर खडूने लिहिलेलं, "स्वयंपाकघर, आजेसासऱ्यांच्या वेळची".