अक्रोडावाचून अक्रोडाची चव

इंग्रजी भाषेत 'नट-ब्राऊन एल' हा शब्दप्रयोग फार जुना आहे. मिल्टनच्या 'लालेग्रो' या १६४५ च्या संग्रहातील कवितेतही तो येतो. आज घरच्या घरी एल गाळणारे हौशी लोक या नावाचा संबंध चवीशी लावतात आणि आपल्या पेयात अक्रोडाचा वा हेझलनटचा स्वाद कसा उतरवावा याची चिंता करतात. परंतु मुळात हा शब्द रंगाचा होता. पिकलेल्या हेझलनटच्या कवचासारखी तपकिरी ती एल, एवढाच त्याचा अर्थ. त्या रंगामागची चव कवचफळांतून आलेली नव्हती. ती आली अग्नीतून.

एलचे मूळ धान्य सातू. ते भिजवायचे, मोड आणायचे आणि मोड योग्य लांबीचा झाला की भट्टीवर वाळवायचे. यालाच माल्ट म्हणतात. नाचणीला मोड आणून, ती वाळवून व भाजून बाळासाठी सत्त्व करणाऱ्या आपल्या घरांतील स्त्रियांना यात नवल वाटू नये. क्रिया तीच आहे. फरक पडतो तो आचेमुळे. हर्टफर्डशरमधील वेअर या गावचा तपकिरी माल्ट प्रसिद्ध होता. तेथे अखेरच्या टप्प्यात लाकडाचा एकदम प्रखर जाळ करीत, इतका की दाणे लाह्यांसारखे फुगत. त्यात धुराचा वासही उतरे. उलट डर्बीशरमध्ये सतराव्या शतकाच्या मध्यापासून कोक वापरात आला. त्याच्या निर्धूर, मंद आचेवर माल्ट फिकट आणि स्वच्छ निघू लागला.

पुढील घडामोडीला कारण झाले एक काचेचे व धातूचे साधे उपकरण. द्रवातील साखरेचे प्रमाण दाखवणारा सॅकरोमीटर जॉन रिचर्डसन याने १७८४ सालच्या आपल्या ग्रंथाने लोकप्रिय केला. मद्यनिर्मात्यांनी मोजून पाहिले, तेव्हा तपकिरी माल्टपेक्षा फिकट माल्ट तेवढ्याच वजनात पुष्कळ अधिक साखर देतो असे दिसले. हिशेब सरळ होता. फिकट माल्ट आला आणि पेयाचा रंग गेला. गिऱ्हाईक मात्र काळसर पेयच मागत होते! मग जाळलेली साखर आली. १८११ साली कायद्यानेही तिला परवानगी दिली. तिच्या आडोशाने काय काय मिसळले जाई ते वाचून अंगावर काटा येतो. त्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील काकमारीची फळेही होती. ज्या फळांनी आपल्याकडे पाण्यातले मासे गुंगवून पकडीत, तीच लंडनच्या कष्टकऱ्याच्या पेल्यात गुंगी वाढवण्यासाठी जात. १८१६ च्या कायद्याने माल्ट व हॉप्स यांखेरीज सर्व पदार्थांना मनाई केली. असे पदार्थ वापरणाऱ्या मद्यनिर्मात्यास २०० पौंड, तर ते त्याला विकणाऱ्या औषधविक्रेत्यास ५०० पौंड दंड ठरला. पुरवठा करणाऱ्याला अधिक शिक्षा, हे मला न्यायाचे वाटते.

दुसऱ्याच वर्षी, १८१७ साली, डॅनियल व्हीलर याने कॉफी भाजण्याच्या यंत्रासारखे फिरते लोखंडी पिंप काढून त्याचे पेटंट घेतले. त्यात माल्ट न पेटता काळा होई आणि थोडासा घातला तरी पेय गडद होई. रंगाचा प्रश्न प्रामाणिक मार्गाने सुटला. पण या काळ्या माल्टची चव कॉफीसारखी कडवट. अक्रोडाची चव फिकट आणि काळा यांच्या मधल्या अवस्थेत असते, आणि ती अवस्थाच बाजूला पडली.

त्या अवस्थेत काय घडते, त्याचा उलगडा लुई-कामीय माय्यार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली वर्णिलेल्या प्रक्रियेने होतो. उष्णतेने धान्यातील शर्करा व अमिनो आम्ले यांचा संयोग होतो आणि पायराझिनसारखी सुगंधी द्रव्ये तयार होतात. भाजलेल्या शेंगदाण्याच्या वासातही हीच द्रव्ये असतात. म्हणजे साम्य कल्पनेतले नाही.

बाटलीतील आधुनिक ब्राऊन एल विसाव्या शतकातली. न्यूकॅसल ब्राऊन एल कर्नल जेम्स पोर्टर यांनी १९२७ साली बाजारात आणली. गंमत अशी, की तिचा रंग दीर्घकाळ कॅरॅमलचा होता. २०१५ साली त्याऐवजी भाजलेला माल्ट वापरण्याचे जाहीर झाले.

घरगुती एलची कथा मात्र उदास आहे. एके काळी हे गृहिणीचे काम होते. १८८० च्या कायद्याने घरच्या भांड्यालाही परवान्याच्या कक्षेत आणले. ते बंधन १९६३ साली सुटले. अमेरिकेत कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्याने १९७९ पासून घरगुती बिअरला मोकळीक मिळाली. तेव्हापासून जाणकारांनी जुनी मधली आच स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये पुन्हा शोधली आहे. फिकट माल्ट पातळ पसरून सुमारे १७५ अंश सेल्सिअसवर पंधरा मिनिटे ठेवला तर हलका स्वाद येतो, अर्धा तास ठेवला तर ठळक. मात्र या उष्णतेत पाचक रसांचे बळ घटते, म्हणून बहुतेक माल्ट न भाजलेलाच ठेवावा लागतो. खरे अक्रोड घालणारेही आहेत, पण त्यांचे तेल फेस मारते. भाजलेला माल्ट कागदी पिशवीत दोन आठवडे तसाच ठेवतात. तेवढ्यात त्याचा उग्रपणा निघून जातो, आणि मगच तो भरडतात.