दीर्घिकांतील उदासीन हायड्रोजनाचे आलेखन

दीर्घिकांमध्ये ताऱ्यांच्या दरम्यान पसरलेला हायड्रोजन वायू त्याच्या सु. २१ सेंमी. तरंगलांबीच्या रेडिओ उत्सर्जनावरून शोधून त्याची वाटणी व गती दाखविणारे नकाशे तयार करणे, यास उदासीन हायड्रोजनाचे आलेखन म्हणतात. हा वायू थंड असल्यामुळे दृश्य प्रकाश देत नाही. उत्तमोत्तम प्रकाशीय दूरदर्शकांतून घेतलेल्या छायाचित्रांतही त्याचा मागमूस नसतो. तथापि पुष्कळ दीर्घिकांत तो ताऱ्यांनी व्यापलेल्या तबकडीच्या कितीतरी बाहेरपर्यंत पोहोचलेला असतो. दीर्घिकांच्या द्रव्यमानाविषयीच्या कल्पना विसाव्या शतकात मुळापासून बदलल्या, त्याला ही गोष्ट मोठ्या प्रमाणात कारणीभूत आहे.

हायड्रोजनाच्या अणूत एक प्रोटॉन व एक इलेक्ट्रॉन असून दोहोंनाही परिवलन (स्वतःभोवती फिरण्यासारखा गुणधर्म) असते. ही परिवलने समांतर असताना अणूची ऊर्जा किंचित जास्त असते. इलेक्ट्रॉनाचे परिवलन उलट झाले की, ही जादा ऊर्जा १,४२०.४ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेच्या तरंगाच्या रूपाने बाहेर पडते. एकट्या अणूत हा पालट आपोआप घडून येण्यास सरासरीने सु. १.१ कोटी वर्षे लागतात. पण दीर्घिकेतील अणूंची संख्या इतकी प्रचंड असते की, त्यांचे एकत्रित उत्सर्जन पृथ्वीवर पकडता येते. वायू निरीक्षकाकडे येत असेल, तर रेषेची कंप्रता वाढते व दूर जात असेल, तर ती घटते (डॉप्लर परिणाम). यामुळे एकाच रेषेवरून वायू किती आहे व तो कोणत्या वेगाने चालला आहे, या दोन्ही गोष्टी कळतात.

या रेषेचे भाकीत दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत झाले. नेदर्लंड्स जर्मनांच्या ताब्यात असताना ग्रोट रीबर यांचा आकाशगंगेच्या रेडिओ प्रारणावरील लेख लायडन येथे पोहोचला. रेडिओ तरंगांत एखादी वर्णरेषा सापडली, तर आकाशगंगेच्या परिभ्रमणाचे मापन करता येईल, हे यान हेंड्रिक ओर्ट यांनी ताबडतोब ओळखले व असा शोध घेण्याचे काम व्हान द हुल्स्ट या तरुण विद्यार्थ्याकडे सोपविले. १९४४ मध्ये लायडन येथील एका सभेत व्हान द हुल्स्ट यांनी २१ सेंमी. रेषेची शक्यता मांडली. युद्धानंतर डच शास्त्रज्ञांनी जर्मनांनी मागे टाकलेल्या ७.५ मी. व्यासाच्या रडार आकाशकाने कोटविक येथे शोध सुरू केला; परंतु १९५० मध्ये आगीत त्यांचे ग्राहक उपकरण जळाले. २५ मार्च १९५१ रोजी हार्व्हर्ड येथील हॅरल्ड यूएन व एडवर्ड पर्सेल यांना रेषा प्रथम आढळली. त्यांचा आकाशक म्हणजे प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर बसविलेले लाकडी कर्णे होते. पाऊस आला की, त्यातून पाणी थेट आत येई! मे महिन्यात डचांना व त्यानंतर लवकरच ऑस्ट्रेलियातील क्रिस्ट्यनसेन व हिंडमन यांना हीच रेषा मिळाली. डच व अमेरिकन निबंध १९५१ च्या सप्टेंबरात नेचर या नियतकालिकात एकत्रच प्रसिद्ध झाले. या चढाओढीत परस्परांपासून काही लपविले गेले नाही, हे त्या काळातही विशेष म्हणावे लागेल.

आकाशगंगेबाहेरील हायड्रोजनाचा पहिला शोध दक्षिण गोलार्धात लागला. सिडनीजवळील पॉट्स हिल येथे फ्रँक केर व हिंडमन यांनी १९५३ मध्ये ११ मी. व्यासाच्या तबकडीने दोन्ही मॅगेलनी मेघांतील उत्सर्जन नोंदविले. लहान मेघात धूळ फार थोडी असल्याने त्यात वायूही थोडाच असावा, असा समज होता. तो खोटा ठरला. १९५७ मध्ये व्हान द हुल्स्ट, राइमंड व व्हान वुर्डेन यांनी ड्विंगलो येथील २५ मी. व्यासाच्या दूरदर्शकाने देवयानी दीर्घिकेचे परिभ्रमण मोजले. वायू तेजस्वी तबकडीच्या पलीकडेही सापडला.

येथे एक मोठी अडचण होती. २५ मी. तबकडीची २१ सेंमी. तरंगलांबीवरील दृष्टी सु. अर्ध्या अंशाहून जाड, म्हणजे पूर्ण चंद्रबिंबाहूनही रुंद पडते. देवयानी आकाशात सु. ३ अंश लांब असल्याने तिचे काही भाग वेगळे करता आले; इतर बहुतेक दीर्घिका मात्र एका ठिपक्यात मावत. एकच तबकडी किती मोठी बांधणार? ग्रीन बँक येथील ९१ मी. व्यासाचा दूरदर्शकही (१९८८ मध्ये तो कोसळला) या मर्यादेतून सुटला नाही. यावरचा उपाय केंब्रिज येथील मार्टिन राइल व त्यांचे सहकारी यांनी विकसित केलेल्या छिद्र-संश्लेषण तंत्राने दिला. एकमेकांपासून दूर ठेवलेल्या लहान तबकड्यांचे संकेत जोडत गेले व पृथ्वीच्या परिवलनाने त्यांची दिशा बदलू दिली, तर त्या सर्वांमधील अंतराएवढ्या तबकडीची सूक्ष्मता मिळते. १९७० मध्ये सुरू झालेल्या वेस्टरबोर्क येथील पूर्व-पश्चिम रांगेत प्रत्येक निरीक्षण १२ तास चाले. तेवढ्यात पृथ्वीची अर्धी फेरी होते. ग्राहकाच्या लगतच्या कंप्रतांसाठी वेगवेगळे नकाशे काढले जात आणि दीर्घिकेचे जणू वेगानुसार कापलेले पातळ काप हाती येत. रॉट्स व शेन यांनी १९७०-८० या दशकाच्या मध्यास केलेल्या एम ८१ च्या नकाशांत सर्पिल भुजांतून वाहताना वायूच्या वेगात पडणारा फरक दिसून आला.

याच नकाशांतून एक मूलभूत प्रश्न उभा राहिला. द्रव्यमान जर ताऱ्यांच्याच ठिकाणी एकवटलेले असेल, तर दूरचे वायुमेघ सावकाश फिरावयास हवेत. जसे सूर्यापासून दूरचे ग्रह फिरतात. केन फ्रीमन यांनी १९७० मध्येच एनजीसी ३०० व एम ३३ यांच्या उपलब्ध मापनांवरून न दिसणारे बरेच द्रव्य असावे, असे सुचविले होते. आल्बर्ट बोस्मा यांनी १९७८ मध्ये ग्रोनिंगेन येथील प्रबंधात अनेक सर्पिल दीर्घिकांचे वेग-आलेख दिले. बहुतेकांत वेग बाहेर जाताना घटत नव्हता. या शोधाचे श्रेय लोकप्रिय लेखनात बहुधा केवळ व्हेरा रुबिन यांच्या प्रकाशीय मापनांना दिले जाते. ती मापने मोलाची आहेत. परंतु तारे जेथे संपतात तेथेच ती थांबतात आणि तेथपर्यंतचा वेग ताऱ्यांच्याच द्रव्यमानाने बऱ्याच अंशी समजावता येतो. खरा निर्णय बाहेरच्या वायूनेच दिला. एनजीसी ३१९८ या दीर्घिकेत १९८५ मध्ये व्हान अल्बाडा व सहकाऱ्यांनी सु. १ लाख प्रकाशवर्षे त्रिज्येपर्यंत वेग सु. १५० किमी./से. असा जवळजवळ स्थिर दाखविला. त्या अंतराच्या आत कृष्णद्रव्य दृश्य द्रव्याच्या निदान चौपट असले पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष होता. हे कृष्णद्रव्य कशाचे बनलेले आहे, हे अद्याप उलगडलेले नाही. मॉर्डेहाय मिलग्रोम यांनी १९८३ मध्ये कृष्णद्रव्याऐवजी गतिनियमांतच बदल सुचविला. त्याच्या समर्थनासाठीही हेच वेग-आलेख पुढे केले जातात.

न्यू मेक्सिकोतील २७ तबकड्यांच्या व्हेरी लार्ज ॲरे या दूरदर्शकाने (१९८०) सूक्ष्मता आणखी वाढविली. यून, हो व लो यांनी १९९४ मध्ये त्यावरून काढलेल्या नकाशात एम ८१, एम ८२ व एनजीसी ३०७७ या तिन्ही दीर्घिका वायूच्या लांब पुलांनी जोडलेल्या दिसल्या. छायाचित्रात त्या सुट्या, एकमेकींशी संबंध नसलेल्या भासतात. गुरुत्वाकर्षणाच्या ओढीने भूतकाळात झालेल्या जवळिकीची ही खूण वायूत टिकून राहिली होती.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध आधी अप्रत्यक्षपणे आला. क्रिस्ट्यनसेन यांनी पॉट्स हिल येथे सूर्याच्या निरीक्षणासाठी वापरलेल्या ३२ लहान तबकड्या भारताला मिळाल्या आणि गोविंद स्वरूप यांनी त्या १९६५ मध्ये मुंबईजवळील कल्याण येथे उभारल्या. पुढे स्वरूप यांच्याच पुढाकाराने पुणे जिल्ह्यातील नारायणगावनजीक खोडद येथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप उभा राहिला. त्यातील ४५ मी. व्यासाच्या ३० तबकड्यांपैकी १४ मध्यभागी एकत्र व बाकीच्या सु. २५ किमी. विस्तारात पसरलेल्या आहेत. एकाच निरीक्षणातून वायूचा विस्तृत फैलाव व बारीक रचना, दोन्ही मिळण्यास ही मांडणी सोयीची आहे. आयेशा बेगम, जयराम चेंगलूर व इगोर काराचेंत्सेव्ह यांनी तिचा उपयोग जवळच्या मंद व खुज्या दीर्घिकांसाठी केला. २००५ मध्ये त्यांनी एनजीसी ३७४१ या लहानशा दीर्घिकेत वायूची तबकडी प्रकाशीय त्रिज्येच्या सु. ८ पट अंतरापर्यंत पसरलेली असल्याचे दाखविले. छायाचित्रात ही दीर्घिका एक अस्पष्ट डागच आहे.