शोधणे आणि पारखणे : माहिती साक्षरतेची प्रस्तावना

वाकाटक राजवंशाच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशिम, हे वाशिम जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यांना पाठ असते. अशी वेगळी शाखा होती, याचा पत्ता मात्र अभ्यासकांना १९३९ पर्यंत नव्हता. तिच्या राजांची नावे अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील शिलालेखात कोरलेली होती. तो लेख एकोणिसाव्या शतकातच वाचून छापलाही गेला होता. पण अक्षरे झिजलेली असल्याने नावे चुकीची लागली आणि ही राजमंडळी मूळ शाखेच्याच वंशावळीत जाऊन बसली. पुढे दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट वाशिमला मिळाला. प्राचीन इतिहासाचे संशोधक वा. वि. मिराशी यांनी अजिंठ्याचा लेख नव्याने वाचला आणि सर्वसेनापासून सुरू होणारी वत्सगुल्म शाखा स्पष्ट झाली.

माहिती साक्षरतेच्या अभ्यासाकडे वळणाऱ्यांसमोर मी हे उदाहरण आधी ठेवतो. छापील, विद्वानांनी मान्य केलेली माहितीही नव्या पुराव्यासमोर पुन्हा तपासावी लागते, ही या विषयाची पहिली ओळख. अमेरिकेतील माहिती-उद्योग संघटनेचा अध्यक्ष पॉल झुरकोव्स्की याने १९७४ मध्ये ‘माहिती साक्षरता’ ही संज्ञा वापरली तेव्हा त्याच्यापुढे कामाच्या ठिकाणी माहिती वापरणारा माणूस होता. आज तिच्यात गरज ओळखणे, शोधणे, पारखणे, वापरणे आणि मूळ लेखकाचे ऋण नोंदवणे, हे सारे येते. माझ्या मते यातले पारखणे सर्वांत अवघड, आणि महाविद्यालयात त्यालाच सर्वांत कमी वेळ मिळतो.

शोधण्याचे मोल समजून घ्यायला मात्र जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. कारंजा लाडच्या जैन भांडारांत हस्तलिखिते शतकानुशतके जपलेली होती. रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची १९२६ मध्ये प्रसिद्ध केली आणि कारंजाच्या अपभ्रंश ग्रंथांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले. नंतर हिरालाल जैन (हे दुसरे हिरालाल, नावावरून घोटाळा करू नये) यांनी अपभ्रंश कवी पुष्पदंताचे ‘णायकुमारचरिउ’ १९३३ मध्ये संपादित केले. ग्रंथ तिथेच होते. ते आहेत हे दूरच्या वाचकाला कळले, ते सूचीमुळे. ग्रंथालयशास्त्राचे हृदय मला या सूचीतच दिसते.

आज जिल्ह्यातील महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची एन-लिस्ट योजना सदस्य महाविद्यालयांना ई-पुस्तके आणि नियतकालिके देते, ‘शोधगंगा’वर देशभरातील प्रबंध खुले आहेत. तरीही लॉगिन हाती पडल्याने शोध जमतोच असे नाही. वाशिमवर काम करणाऱ्याने जुन्या इंग्रजी सूचींमध्ये ‘बासिम’ हे रूप शोधायला हवे. बासिम जिल्हा १९०५ मध्ये अकोल्यात विलीन झाला आणि आजचा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. म्हणून मधल्या त्र्याण्णव वर्षांचे कागद अकोल्याच्या नावाखाली सापडतात. हे सांगणारा ग्रंथपाल विद्यार्थ्याच्या शेजारी असावा लागतो. वर्षारंभी तासाभराचा परिचय, कपाटांची फेरी आणि ओळखपत्राचे वाटप एवढ्यावर भागत नाही. प्रकल्पाचा विषय ठरताना, पहिला मसुदा लिहिताना, संदर्भ लावताना ग्रंथपालाने वर्गात असणे मला आवश्यक वाटते. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या १९३१ च्या पाच नियमांपैकी चौथा वाचकाचा वेळ वाचवण्यास सांगतो. हा वेळ वाचतो तो नेमका अशाच सोबतीने.

शोधल्यानंतर पारखणे येते. सोयाबीनवरच्या पिवळ्या मोझॅक रोगाचा उपाय शोधणाऱ्या विद्यार्थ्याला औषधविक्रेत्याची चित्रफीत आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची शिफारस एकाच पडद्यावर दिसते. कोण सांगतो, कशाच्या आधारे, त्यातून कोणाचा लाभ, हे प्रश्न तिथे थेट शेतीच्या खर्चाशी जोडलेले असतात. आता तर यंत्राने लिहिलेल्या उत्तरात अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांचे संदर्भही छान मांडून येतात. असा प्रत्येक संदर्भ सूचीत शोधून पाहावा, पुस्तक हाती घ्यावे, पान उघडावे.

या क्षेत्रात येणाऱ्यांनी सुरुवातीला एक काम करावे. १९१० चे अकोला जिल्हा गॅझेटियर मिळवून त्यातील बासिमची नोंद वाचावी, शेजारी मिराशींचे वाकाटकांवरील लेखन ठेवावे. एकात काय आहे आणि दुसऱ्यात काय नाही, याची वहीत दोन रकान्यांत नोंद करावी, आणि प्रत्येक फरकापुढे लिहावे की तो नव्या पुराव्याने पडला, की वेगळ्या वाचनाने.