पगार मुंबईचा, चूल गारगोटीची

‘गारगोटीत काय, वीस हजारांत माणूस राजासारखा राहतो,’ असं शहरातला पाहुणा म्हणाला की मला हिशेब विचारावासा वाटतो. पगाराची किंमत गावोगाव बदलते, हे खरंच आहे. पण पगार एका गावचा आणि संसार दोन गावांचा असेल तर? आमच्या भुदरगड तालुक्याने हे शंभर वर्षं पाहिलं आहे.

जुन्या गावगाड्यात हा प्रश्न वेगळा होता. मुलाणी हा बलुतेदार. सुतार-न्हाव्यांप्रमाणे त्यालाही खळ्यावर धान्याचा वाटा मिळे. भात महागलं की बलुत्याचं मोल आपोआप वाढे. (पीक बुडालं की तोही बुडे, म्हणून गावगाड्याचे फार गोडवे नकोत.) आपला सदका-ए-फित्र आजही असाच चालतो. माप धान्याचं ठरलेलं, रुपये मात्र त्या वर्षीच्या, त्या गावच्या भावाने.

मग गिरण्या आल्या आणि भुदरगड, आजरा, चंदगडची माणसं परळ-लालबागला गेली. मजुरी रोख झाली. ती पुरते का, हे पाहायला मुंबई सरकारने १९२१ मध्ये लेबर ऑफिस काढलं. त्याने कामगार कुटुंबांचे आणि एकट्या राहणाऱ्या पुरुषांचे जमाखर्च तपासून १९२३ मध्ये अहवाल छापला. जुलै १९१४ चा खर्च १०० धरून महागाईचा निर्देशांक निघू लागला. पुढे दुसऱ्या महायुद्धात गिरणी कामगारांचा महागाई भत्ता निर्देशांकालाच बांधला गेला.

काम मोलाचं होतं. पण त्यात मोजली गेली ती मुंबईची चूल. कामगाराची दुसरी चूल इकडे होती, आणि इकडे तेव्हा कोल्हापूर संस्थान, म्हणजे मुंबई सरकारच्या हिशेबाबाहेरचा मुलूख. तो गावकऱ्यांच्या खोलीत पाळीपाळीने झोपे, खानावळीत जेवे. बायको इथं भात लावी, म्हातारी माणसं सांभाळी, पोरं वाढवी. मनीऑर्डर येई, पण घर केवळ तिच्यावर चालत नव्हतं. सारं कुटुंब मुंबईत नेलं असतं तर त्या पगारात भागलं नसतं. गिरणीमालकाला मजूर स्वस्त पडला तो या बाईच्या बिनपगारी कष्टांमुळे, असं मला वाटतं. तिची मजुरी कोणत्याच निर्देशांकात आली नाही.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. इतके दिवस ते तगले कसे, याचं निम्मं उत्तर गावात आहे. हजारो जण गावी परतले आणि शेताच्या तुकड्यावर, घरच्या भातावर दिवस काढले. संपाचा निधी म्हणावा तर तो असा गावोगावच्या कणगीत होता.

आता गारगोटीत पगारदार आहेत ते मुख्यतः शाळा-कॉलेजांत आणि कचेऱ्यांत. सातव्या वेतन आयोगाने घरभाड्याचे दर सुरुवातीला २४, १६ आणि ८ टक्के धरले. मूळ वेतन ४०,००० असेल तर मुंबईत ९,६०० रुपये, ‘वाय’ वर्गातल्या कोल्हापुरात ६,४०० आणि ‘झेड’मधल्या गारगोटीत ३,२००. पुढे टक्के वाढले, उतरंड तीच राहिली. तक्रार नाही. इथं घरभाडं खरोखर कमी आहे, भाजीही.

पण औषधाच्या पाकिटावरची छापील किंमत सगळीकडे एकच. मोठा आजार निघाला की पन्नास किलोमीटरवरचं कोल्हापूर गाठावं लागतं, आणि तिथं रुग्णासोबत थांबणाऱ्याचा खर्च कोल्हापूरच्या भावाने होतो. मुलगी पुण्यात शिकत असेल तर कॉटचं भाडं पुण्याचं. त्यात नाव ऐकल्यावर ‘खोली गेली हो’ असं सांगणारे भेटले, तर ज्या मोहल्ल्यात खोली मिळेल तिथं मालक सांगेल तो आकडा. तो भरायचा गारगोटीच्या, ‘झेड’ वर्गाच्या पगारातून.